शोध-जाहिरातींसाठी कीवर्ड निवड

शोध-जाहिरातींसाठी कीवर्ड निवड म्हणजे गूगल, बिंग यांसारख्या शोधयंत्रांवर जाहिरात देताना कोणत्या शब्दांच्या शोधावर आपली जाहिरात दिसावी आणि कोणत्या शोधावर दिसू नये, हे ठरवण्याची प्रक्रिया होय. जाहिरातदार आपल्या खात्यात जो शब्द किंवा शब्दसमूह नोंदवतो त्याला कीवर्ड म्हणतात. वापरकर्ता शोधचौकटीत प्रत्यक्ष जे टाइप करतो किंवा बोलतो तो शोधशब्द. या दोन संज्ञा बोलताना सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात, परंतु त्यांच्यात अंतर असते आणि जाहिरातीवरचा बहुतेक निष्फळ खर्च त्या अंतरातच होतो.

या लेखातील बरीचशी उदाहरणे नागपूरच्या लकडगंज भागातील लाकूड व्यापाराशी संबंधित आहेत. एकाच वस्तूला मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत नावे असलेला, लहान दुकानदारांचा आणि स्थानिक गिऱ्हाइकांचा हा बाजार कीवर्ड निवडीतील अडचणी समजून घेण्यास सोयीचा आहे.

पार्श्वभूमी

वृत्तपत्रांतील छोट्या जाहिरातींमध्ये 'पाहिजेत', 'विकणे आहे', 'भाड्याने देणे' अशी शीर्षके असत. वाचक स्वतः त्या शीर्षकापर्यंत येई. शोध-जाहिरातीत हा क्रम उलटतो: वाचकाच्या तोंडी जो शब्द आहे तो जाहिरातदाराला आधीच ओळखावा लागतो.

शब्दांच्या लिलावावर आधारित जाहिरातींची सुरुवात अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉम या शोधयंत्राने १९९८ मध्ये केली. तेथे जास्त बोली लावणाऱ्याची जाहिरात वर दिसे आणि क्लिक झाले तरच पैसे आकारले जात. ही कंपनी २००१ मध्ये ओव्हरचर झाली आणि २००३ मध्ये याहूने ती विकत घेतली. गूगलने २३ ऑक्टोबर २००० रोजी ॲडवर्ड्स ही सेवा सुरू केली, तेव्हा आकारणी जाहिरात किती वेळा दिसली यावर होती. २००२ मध्ये गूगलने क्लिकमागे आकारणी स्वीकारली, मात्र क्रम ठरवताना बोलीबरोबरच जाहिरातीवर क्लिक होण्याचे प्रमाणही विचारात घेतले. २४ जुलै २०१८ पासून ॲडवर्ड्सचे नाव गूगल ॲड्स झाले. मराठी भाषेतील जाहिरातींना या सेवेचा पाठिंबा २०१८ मध्येच मिळाला. त्याआधी भारतीय भाषांपैकी हिंदी, बंगाली, तमिळ आणि तेलुगू यांचा समावेश झाला होता.

लिलावाची रीत

प्रत्येक शोधाच्या वेळी जाहिरातींचा नवा लिलाव क्षणार्धात होतो. जाहिरातीचे स्थान केवळ बोलीवर ठरत नाही. जाहिरात शोधशब्दाशी किती संबंधित आहे, तिच्यावर क्लिक होण्याची अपेक्षा किती आहे आणि क्लिक केल्यावर उघडणारे पान वापरकर्त्याच्या कामाचे आहे का, यांचाही हिशेब होतो. गूगल ॲड्समध्ये या तीन बाबींवरून कीवर्डला १ ते १० असा गुणवत्ता गुणांक दाखवला जातो. हा गुणांक निदानासाठी असतो आणि लिलावात तो जसाच्या तसा वापरला जात नाही. पण त्यामागचे घटक लिलावात मोजले जातात. साहजिकच विसंगत कीवर्डची शिक्षा दुहेरी असते: नको ते लोक क्लिक करतात आणि क्लिकही महाग पडते.

विजेत्याने आपल्या पूर्ण बोलीइतकी नव्हे तर आपले स्थान टिकवण्यास पुरेल इतकीच रक्कम देण्याच्या पद्धतीला अर्थशास्त्रात व्यापक द्वितीय-किंमत लिलाव म्हणतात. बेंजामिन एडलमन, मायकेल ऑस्ट्रोव्स्की आणि मायकेल श्वार्ट्झ यांनी २००७ मध्ये तिचे सैद्धांतिक विश्लेषण प्रसिद्ध केले. गूगलचे तेव्हाचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ हॅल व्हेरियन यांचाही या विषयावरील शोधनिबंध त्याच वर्षीचा आहे.

शोधणाऱ्याचा हेतू

कीवर्ड निवडताना शब्दाचा अर्थ पाहण्याआधी तो शब्द टाइप करणाऱ्याला काय हवे आहे हे पाहावे लागते. संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये शोधांचे तीन वर्ग सुचवले: ठरावीक संकेतस्थळी जाण्यासाठी केलेला, माहितीसाठी केलेला आणि एखादा व्यवहार पार पाडण्यासाठी केलेला शोध. वर्गीकरण जुने असले तरी आजही ते उपयोगी पडते.

'सागवान' हा एकच शब्द घेतला तर तो शोधणारा शेताच्या बांधावर साग लावू पाहणारा शेतकरी असू शकतो, वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी असू शकतो, घर बांधणारा असू शकतो किंवा जुना पलंग विकू पाहणाराही असू शकतो. 'सागवान भाव प्रति घनफूट' असे विचारणारा मात्र खरेदीच्या बराच जवळ आलेला असतो, कारण घनफूट हे मोजमाप लाकूड घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या कामाचे आहे. मोजमाप, भाव, आकार, गावाचे नाव, 'जवळचे दुकान', 'होलसेल' असे शब्द जोडले गेले की हेतू स्पष्ट होत जातो. अशा लांब शोधांची संख्या प्रत्येकी कमी असते, पण त्यांच्यावरची स्पर्धाही बहुधा कमी असते. लांब शेपटीची ही कल्पना ख्रिस अँडरसन यांच्या २००४ मधील लेखामुळे रूढ झाली. गूगलच्या म्हणण्यानुसार दररोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध पूर्वी कधीही झालेले नसतात. त्यामुळे सर्व शोधशब्दांची यादी आधीच करून ठेवणे कोणालाही शक्य नाही.

जुळणीचे प्रकार

नोंदवलेला कीवर्ड आणि प्रत्यक्ष शोधशब्द यांच्यात किती फरक चालेल हे जुळणीच्या प्रकारावरून ठरते. व्यापक जुळणीत कीवर्डशी संबंधित वाटणाऱ्या कोणत्याही शोधावर जाहिरात दिसू शकते, मग त्यात कीवर्डमधील एकही शब्द नसला तरी चालते. वाक्यांश जुळणीत, म्हणजे कीवर्ड अवतरणचिन्हांत लिहिल्यास, त्याचा आशय सामावणारे शोध घेतले जातात. चौकटी कंसात लिहिलेल्या कीवर्डला अचूक जुळणी लागू होते.

'अचूक' हे नाव आता पुरते खरे राहिलेले नाही. २०१४ पासून अनेकवचने व चुकीची स्पेलिंगे, २०१७ पासून शब्दांचा बदललेला क्रम आणि २०१८ पासून समान अर्थाचे शोधही अचूक जुळणीत धरले जाऊ लागले. अधिक चिन्हाने लिहिली जाणारी सुधारित व्यापक जुळणी २०२१ मध्ये बंद करून वाक्यांश जुळणीत विलीन केली गेली. एकंदर कल नियंत्रण जाहिरातदाराकडून यंत्रणेकडे जाण्याचा आहे. मोठ्या खात्यांना त्याचा फायदा होऊ शकतो, कारण त्यांच्याकडे यंत्रणेला शिकण्यास पुरेसे क्लिक असतात. दिवसाला वीसेक क्लिक मिळणाऱ्या दुकानदाराची गोष्ट निराळी आहे. नव्या आणि लहान मोहिमेसाठी वाक्यांश व अचूक जुळणीपासून सुरुवात करणे म्हणूनच अधिक सुरक्षित मानले जाते.

लकडगंजचे उदाहरण

लकडगंज हा पूर्व नागपुरातील, इतवारी या घाऊक बाजारपेठेजवळचा भाग असून नागपूर महानगरपालिकेच्या एका झोनलाही त्याचेच नाव आहे. लकडी आणि गंज, म्हणजे लाकडाचा बाजार, अशी या नावाची सरळ फोड होते. येथे इमारती लाकडाची दुकाने, आरा मशीन, प्लायवूड व फर्निचरचा व्यापार आहे. विदर्भात चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील जंगले सागासाठी प्रसिद्ध आहेत. बल्लारशा येथील सागाचे लाकूड मार्च २०२३ मध्ये अयोध्येतील राममंदिरासाठी पाठवण्यात आले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनाच्या लाकूडकामासाठीही नागपूरचे सागवान वापरले गेले.

येथील एखाद्या दुकानासाठी कीवर्ड निवडायचे झाल्यास पहिला मोह 'लकडगंज नागपूर' हा कीवर्ड घेण्याचा होतो. बाजाराचे नावच लाकडावरून पडले असल्याने तो स्वाभाविकही वाटतो. प्रत्यक्षात हे नाव शोधणाऱ्याला पोलीस ठाणे, महानगरपालिकेचे झोन कार्यालय, पिन कोड, भाड्याचे घर, बँकेची शाखा किंवा एखाद्या घटनेची बातमी हवी असू शकते. स्थलनाम वस्तूच्या नावाशी जोडले गेले तरच ते उपयोगी ठरते: 'लकडगंज सागवान', 'लकडगंज प्लायवूड दुकान'. उलट 'टिंबर मार्केट' या शब्दाने पुण्याच्या भवानी पेठेतील बाजार शोधला जात असण्याची शक्यता असते, तर 'लक्कड बाजार' म्हटले की अनेकांना सिमला आठवते. यासाठी मोहिमेचे स्थान नागपूर व आसपासच्या तालुक्यांपुरते मर्यादित करावे लागते. तेथेही एक खाच आहे. गूगल ॲड्समध्ये मूळ निवड 'त्या ठिकाणी असलेले किंवा त्या ठिकाणात रस दाखवणारे' अशी असते. ती न बदलल्यास नागपूरविषयी काही शोधणारा मुंबईतील माणूसही क्लिक करू शकतो. दूरवर माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला तो हवा असेल, पण दाराची चौकट बनवून देणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

दुसरा प्रश्न व्यापारातील नावांचा. मराठीत साग किंवा सागवान, हिंदीत सागौन, इंग्रजीत टीक. व्यापारात याच लाकडाच्या एका प्रतीला 'सीपी टीक' म्हणतात. नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होते त्या प्रांताच्या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे आहेत. तो प्रांत नकाशावरून जाऊन अनेक दशके लोटली, तरी लाकडाच्या भावफलकावर तो अजून टिकून आहे. 'सीपी टीक' शोधणारा बहुधा सुतार, ठेकेदार, वास्तुविशारद किंवा दुसरा व्यापारी असतो; घरमालक 'सागवानी दरवाजा' किंवा 'टीक वूड डोअर' असे लिहितो. दोघांना एकाच जाहिरातीने बोलावू नये. पहिल्याला घनफुटाचा भाव आणि मालाचा साठा दाखवणारे पान हवे असते, दुसऱ्याला तयार दरवाज्यांची छायाचित्रे आणि किमती. वनखात्याच्या भाषेतील 'आडजात लाकूड', म्हणजे सागाव्यतिरिक्त इतर जातींचे लाकूड, हा शब्द व्यापाऱ्यांत कळतो, पण घरमालकाच्या शोधात तो क्वचितच येईल.

'लाकूड' हा एकटा शब्द व्यापक जुळणीने घेणे तर हात दाखवून अवलक्षण ठरते. मराठीत इमारती लाकूड आणि जळाऊ लाकूड हे दोन वेगळे बाजार आहेत. शोधयंत्राला हा भेद सांगावा लागतो.

नकारात्मक कीवर्ड

कोणत्या शोधांवर जाहिरात दिसू नये हे सांगणाऱ्या शब्दांना नकारात्मक कीवर्ड म्हणतात. निवडीचा हा भाग सर्वांत दुर्लक्षित, आणि लहान अंदाजपत्रकाच्या मोहिमेत सर्वांत मोलाचा असतो. वरील उदाहरणात 'लागवड', 'रोपे', 'नर्सरी', 'अनुदान', 'जळाऊ', 'सरपण', 'भरती', 'नोकरी', 'निबंध', 'पोलीस', 'पिन कोड', 'वॉलपेपर' हे शब्द पहिल्याच दिवशी या यादीत जायला हवेत.

हिशेब समजण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. एका दुकानाचे रोजचे अंदाजपत्रक ३०० रुपये आहे आणि एका क्लिकला सरासरी १५ रुपये पडतात. दिवसाला २० क्लिक मिळतील. त्यांपैकी ८ क्लिक सागाच्या लागवडीची माहिती शोधणाऱ्यांचे असतील तर रोज १२० रुपये, म्हणजे ३० दिवसांत ३,६०० रुपये वाया जातात. १८ टक्के वस्तू व सेवा कर धरल्यास ४,२४८ रुपये. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला त्या कराची वजावट मिळू शकते, कंपोझिशन योजनेतील लहान व्यापाऱ्याला ती मिळत नाही. एवढ्या रकमेत एका मदतनिसाच्या पगाराचा काही भाग निघाला असता. शिवाय ठरवलेले रोजचे अंदाजपत्रक ही सरासरी असते: एखाद्या दिवशी गूगल त्याच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकते, मात्र महिन्याचा एकूण खर्च रोजच्या रकमेच्या ३०.४ पटींहून अधिक होऊ देत नाही.

नकारात्मक कीवर्ड सामान्य कीवर्डसारखे पसरत नाहीत. २०२४ पासून त्यांत चुकीची स्पेलिंगे धरली जात असली, तरी समानार्थी शब्द आणि अनेकवचने आपोआप वगळली जात नाहीत. मराठीत याचा परिणाम विशेष जाणवतो. 'लागवड' वगळले म्हणून 'लागवडीची माहिती' किंवा 'लागवडीसाठी अनुदान' वगळले जाईल असे नाही, कारण यंत्रणेच्या लेखी 'लागवड', 'लागवडीची' आणि 'लागवडीसाठी' हे तीन वेगळे शब्द आहेत. प्रत्येक रूप स्वतंत्रपणे नोंदवावे लागते.

मराठीतील विशेष अडचणी

कीवर्ड निवडीवरील बहुतेक मार्गदर्शन इंग्रजी समोर ठेवून लिहिले गेले आहे. इंग्रजीत नामाला फारसे विकार होत नाहीत आणि संबंध दाखवणारे शब्द सुटे लिहिले जातात. मराठीत नामाचे सामान्यरूप होते, विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये त्याला जोडून येतात. लाकूड, लाकडाचा, लाकडी, लाकडांचे. दार, दारे, दाराची. लकडगंज, लकडगंजला, लकडगंजमध्ये, लकडगंजातील: वाचकाला ही एकाच शब्दाची रूपे वाटतात. शोधयंत्रांनी या बाबतीत बरीच प्रगती केली असली, तरी सर्व रूपे आपोआप जुळतील यावर विसंबून राहण्यापेक्षा महत्त्वाची रूपे स्वतः नोंदवणे इष्ट असते. जागेची अडचण सहसा येत नाही, कारण एका कीवर्डमध्ये १० शब्द आणि ८० अक्षरचिन्हे मावतात.

लेखनभेद हा दुसरा प्रश्न. प्लायवुड आणि प्लायवूड, फर्निचर आणि फर्नीचर, टिक आणि टीक यांपैकी शुद्ध कोणते हा वाद शोध-जाहिरातीत गौण ठरतो. लोक काय लिहितात ते महत्त्वाचे. जाहिरातीचा मजकूर शुद्ध असावा, कीवर्डची यादी मात्र लोकांच्या लेखनाला धरून असावी.

तिसरा आणि बहुधा सर्वांत मोठा प्रश्न लिपीचा. मराठी व हिंदी बोलणारे अनेक जण मोबाईलवर रोमन लिपीत टाइप करतात आणि रोमन लिपीत मराठीचे प्रमाणलेखन नाही. लकडगंज हेच नाव रोमन लिपीत 'के' एकदा किंवा दोनदा घालून, 'ड'साठी 'डी' किंवा 'आर' वापरून लिहिले जाते. हिंदीत ते 'ड'खाली नुक्ता देऊन लिहितात. नागपुरात मराठीबरोबर हिंदीही सर्रास बोलली जाते, तेव्हा एकच माणूस सकाळी 'सागवान' आणि संध्याकाळी 'सागौन' शोधू शकतो. गूगल ॲड्स कीवर्डचे किंवा जाहिरातीचे भाषांतर करून देत नाही. मराठी मोहिमेतील इंग्रजी यादी शब्दशः मराठीत उतरवण्याने हे काम भागत नाही: 'डोअर फ्रेम'चे मराठी 'चौकट' बरोबर आहे, पण चौकट चित्राची असते, चष्म्याची असते आणि पत्त्यांतही असते. 'दाराची चौकट' किंवा 'सागवानी चौकट' असे म्हटल्याशिवाय अर्थ नक्की होत नाही.

आणखी एक तांत्रिक अडथळा संभवतो. फारच कमी वेळा शोधल्या जाणाऱ्या कीवर्डला गूगल ॲड्स 'कमी शोध' असा शेरा देऊन तात्पुरते निष्क्रिय ठेवते आणि शोध वाढल्यास पुन्हा सक्रिय करते. इंग्रजीत हजारदा शोधली जाणारी गोष्ट मराठीत, तीही एका शहरापुरती, या मर्यादेखाली राहू शकते. अशा वेळी अचूक जुळणीची लांब मराठी यादी कागदावर उत्तम दिसते, पण जाहिरात कोणालाच दिसत नाही. दोन-तीन शब्दांचे कीवर्ड वाक्यांश जुळणीने घेऊन त्यांना भरपूर नकारात्मक कीवर्डची जोड देणे हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग होय.

शब्द कोठून मिळवावेत

गूगलचे कीवर्ड प्लॅनर हे साधन २०१३ पासून उपलब्ध आहे. ते सुचवलेल्या शब्दांचा मासिक शोध आणि बोलीचा अंदाज दाखवते व शहरानुसार गाळणीही लावता येते. कमी खर्च करणाऱ्या खात्यांना नेमका आकडा मिळत नाही, '१०० ते १,०००' असा पल्ला दिसतो; त्यावरून दोन मराठी शब्दांतील निवड करणे कठीण जाते. गूगल ट्रेंड्समध्ये शोधांची संख्या दिसत नाही, ० ते १०० या मोजपट्टीवर सापेक्ष प्रमाण दिसते. शोधचौकटीत अर्धा शब्द लिहिल्यावर येणाऱ्या सूचना मराठी आणि हिंदी रूपांची तुलना करण्यास उपयोगी पडतात.

या सर्व साधनांपेक्षा जवळचा स्रोत दुकानातच असतो. गिऱ्हाईक फोनवर पहिल्या वाक्यात काय विचारते, व्हॉट्सॲपवर मालाचे नाव कसे लिहिते, जुन्या बिलांवर आणि चिठ्ठ्यांवर कोणते शब्द आहेत, हे आठवडाभर टिपून ठेवले तर संगणकीय साधनाने न सुचवलेले शब्द हाती येतात. मोहीम सुरू झाल्यावर शोधशब्दांचा अहवाल मिळतो. कोणत्या शोधांवर पैसे गेले हे त्यात दिसते, पण सगळे नव्हे: सप्टेंबर २०२० पासून पुरेशा लोकांनी न शोधलेले शब्द गूगल या अहवालात दाखवत नाही. लहान स्थानिक मोहिमांत त्यामुळे खर्चाचा काही भाग अंधारात राहतो.

व्यापारचिन्हे

दुसऱ्याचे व्यापारी नाव कीवर्ड म्हणून घेता येते का, हा वाद भारतीय न्यायालयांत अनेक वर्षे चालला आहे. विवाहजुळणी संकेतस्थळ चालवणाऱ्या कन्सिम इन्फो या कंपनीने गूगलविरुद्ध दाखल केलेल्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्णय दिला. अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स या नावाच्या वापरावरून डीआरएस लॉजिस्टिक्सने गूगलविरुद्ध लढवलेला खटला अधिक महत्त्वाचा ठरला. १० ऑगस्ट २०२३ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने म्हटले की, व्यापारचिन्ह कीवर्ड म्हणून वापरणे हा व्यापारचिन्ह कायद्याच्या अर्थाने 'वापर' आहे. परंतु ग्राहकाची दिशाभूल वा गोंधळ होत नसेल तर तेवढ्याने उल्लंघन होत नाही. जाहिरात कार्यक्रमात गूगल सक्रिय भाग घेते, आणि उल्लंघन आढळल्यास मध्यस्थ म्हणून मिळणारे कायदेशीर संरक्षण तिला मिळणार नाही, असेही खंडपीठाने नमूद केले. त्याच वर्षी मेकमायट्रिपच्या प्रकरणातही न्यायालयाची भूमिका याच दिशेची राहिली.

लाकूड व्यापारात हा प्रश्न अनपेक्षित ठिकाणी येतो. 'सनमायका' हे एका कंपनीचे व्यापारी नाव असले तरी बोलीभाषेत ते कोणत्याही लॅमिनेटसाठी वापरतात, 'फेविकॉल'चेही तसेच. गिऱ्हाईक 'सनमायका'च शोधणार, त्यामुळे कीवर्ड म्हणून तो शब्द टाळणे अवघड आहे. मात्र दुकानात दुसऱ्या कंपनीचा माल असताना जाहिरातीच्या मजकुरात ते नाव लिहिणे दिशाभूल ठरू शकते.

स्वतःच्या दुकानाचे नाव कीवर्ड म्हणून विकत घ्यावे का, याविषयीही मतभेद आहेत. टॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांनी ईबेवर केलेल्या प्रयोगांत कंपनीच्या नावावरील जाहिराती थांबवल्यावर जवळजवळ सगळे वापरकर्ते विनामूल्य निकालांतून संकेतस्थळावर आले. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ईबे सर्वपरिचित होते. ज्याचे नाव शोधल्यावर प्रतिस्पर्ध्याची जाहिरात आधी दिसते अशा लहान दुकानाला तो निष्कर्ष तसाच लागू होत नाही.

कायद्याने निषिद्ध शब्द

काही शब्दांवर जाहिरात दाखवणे हा भारतात गुन्हा ठरतो. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या केंद्रीय कायद्याचे कलम २२ अशा सेवेच्या जाहिरातीस मनाई करते. महाराष्ट्राने या विषयावर राज्याचा कायदा १९८८ मध्येच केला होता. साबू मॅथ्यू जॉर्ज यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली तेव्हा, सप्टेंबर २०१६ मध्ये, गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी लिंगनिवडीशी संबंधित सुमारे चाळीस शब्दसमूहांवरील जाहिराती आपोआप रोखण्याचे मान्य केले. अंतिम निकाल १३ डिसेंबर २०१७ रोजी लागला. निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दांची यादी एखाद्या सामाजिक प्रश्नाशी किती थेट भिडू शकते, याचे हे ठळक भारतीय उदाहरण आहे. सोनोग्राफी केंद्रे व प्रसूतिगृहे यांच्या मोहिमांत व्यापक जुळणी वापरताना ही बाब विशेष तपासावी लागते.

कीवर्डविना जाहिरात

गूगलने २०११ मध्ये संकेतस्थळाच्या मजकुरावरून शोध जुळवणाऱ्या गतिमान जाहिराती आणि २०२१ मध्ये परफॉर्मन्स मॅक्स हा मोहिमेचा प्रकार आणला. दोहोंत जाहिरातदार कीवर्ड नोंदवत नाही. संकेतस्थळ, चित्रे, मजकूर आणि उद्दिष्ट दिल्यावर यंत्रणा शोध निवडते. अशा मोहिमेला खरेदी किंवा चौकशी कोठे झाली याची विश्वासार्ह नोंद लागते. लकडगंजसारख्या बाजारात सौदा बहुधा फोनवर किंवा प्रत्यक्ष लाकूड पाहून होतो, पैसे रोखीने किंवा यूपीआयने दिले जातात, आणि यांपैकी काहीही यंत्रणेपर्यंत आपोआप पोहोचत नाही. जाहिरातीतून आलेल्या फोनची नोंद ठेवून, त्यांतील कोणते सौद्यात उतरले हे खात्यात भरले नाही, तर यंत्रणा फक्त क्लिक किंवा फोनच्या संख्येवरून शिकते. तिच्या दृष्टीने सागाच्या रोपांची चौकशी करणारा फोन आणि दहा चौकटींची मागणी करणारा फोन सारखेच राहतात. कीवर्ड नसलेल्या मोहिमांतही नकारात्मक कीवर्ड मात्र लावता येतात.